खिशात मावणारी पिस्तुलं : सोय किती, धोका कुठं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नेमबाजीच्या रेंजवर नवशिक्यांना शिकवतो. परवाना काढून नुकतंच शस्त्र घेतलेले लोक पहिल्या दिवशी पेटी उघडतात, आणि आत तळहाताएवढं पिस्तूल असलं की जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य बोलतो: "छोटंसंच आहे." मला काळजी वाटते ती याच शब्दाची. गेल्या काही वर्षांत लोकांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

खिशातलं पिस्तूल म्हणजे नेमकं कोणतं?

ठरलेली व्याख्या नाही. नळी ७ सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड, रिकामं असताना वजन ३५० ग्रॅमच्या आसपास किंवा कमी, आणि मुठीवर चारही बोटं बसत नाहीत, असं शस्त्र मी या गटात धरतो. त्यात चार घराणी येतात. एक किंवा दोन नळ्यांची डेरिंजर, पॉइंट २२ ची (हा आकडा म्हणजे गोळीची ढोबळ जाडी, इंचात) पाच गोळ्यांची इवलीशी रिव्हॉल्व्हर, पॉइंट २५ म्हणजे ६.३५ एमएमची जुन्या धाटणीची पोलादी पिस्तुलं, आणि पॉइंट ३२ किंवा पॉइंट ३८० ची प्लास्टिक फ्रेमची आधुनिक पिस्तुलं. या शेवटच्या घराण्याने वजनाचा हिशेबच बदलून टाकला. १९९९ मध्ये आलेलं केल-टेक पी-३२ रिकामं असताना १९० ग्रॅमच्या आसपास भरतं.

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर या कारागिराची छोटी एकबारी पिस्तुलं १९व्या शतकात इतकी खपली की नकला करणाऱ्यांनी नावात एक 'आर' वाढवून तेच नाव चालवलं, आणि पुढे तो सगळ्या जातीचाच शब्द झाला. रेमिंग्टनची दोन नळ्यांची डेरिंजर १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत होती. जॉन ब्राउनिंगने १९०५ च्या सुमारास पॉइंट २५ चं काडतूस आणि त्यासाठीचं चिमुकलं पिस्तूल आणलं. कोल्टने तेच १९०८ मध्ये 'व्हेस्ट पॉकेट' म्हणजे जाकिटाच्या खिशातलं या नावाने विकलं. आजची बरीच लहान पिस्तुलं त्याचीच नातवंडं आहेत.

गोळी लहान, म्हणजे धोकाही कमीच ना?

नाही. १४ एप्रिल १८६५ च्या रात्री अब्राहम लिंकन यांच्यावर ज्याने गोळी झाडली गेली ते मुठीत लपणारं, एकच बार करणारं डेरिंजर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा मृत्यू झाला.

लहान काडतुसाबद्दलची खरी गोष्ट वेगळी आहे. ते जीव घेऊ शकतं, पण समोरच्याला तिथल्या तिथे थांबवेलच याचा भरवसा फार कमी. स्वसंरक्षणासाठी घेणाऱ्याने या दोन गोष्टी वेगळ्या ठेवून विचार करायला हवा. चुकून बार झाला तर परिणाम मोठ्या पिस्तुलाइतकेच भयंकर, आणि खरोखर गरज पडली तर उपयोग मात्र अनिश्चित. शिवाय पॉइंट २२ ची गोळी रायफलमधून सुटली तर मैलभराहून जास्त अंतरापर्यंत इजा करू शकते. पिस्तुलाची नळी आखूड असल्याने हे अंतर घटतं, पण 'एवढीशी गोळी कुठं जाणार' असं म्हणण्याइतकं नक्कीच घटत नाही.

माझ्या हातात जोर कमी आहे. मला लहानच सोपं पडेल ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेकदा दुकानातच कुणीतरी 'हो' म्हणून पाठवलेलं असतं. उत्तर उलटं आहे.

आधी धक्का घ्या. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोराने पिस्तूल मागे येतं. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर मागे येणाऱ्या पिस्तुलाची ऊर्जा दुप्पट होते. भौतिकशास्त्राचा साधा हिशेब आहे, त्यातून सुटका नाही. त्यात मूठ अरुंद असल्याने ती सगळी ऊर्जा अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या बेचक्यात एका पट्टीवर येते. पॉइंट ३८० च्या हलक्या पिस्तुलातून पन्नासेक गोळ्या झाडल्यावर तिथली कातडी लाल झालेली मी नेहमी पाहतो. काहींच्या बेचक्यावर तर मागे येणारी स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, दोन समांतर ओरखडे काढून जाते.

मग करंगळी. ती मुठीखाली लोंबकळत राहते. आपल्या पकडीचा बराचसा जोर खालच्या दोन बोटांत असतो हे तेव्हा कळतं. मॅगझिनच्या, म्हणजे मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या डबीच्या, तळाला पुढे आलेली टोपी लावली की करंगळीला टेकायला जागा मिळते, आणि एवढ्याशा बदलाने नेमात फरक पडतो.

तिसरी गोष्ट स्लाइड मागे ओढण्याची. साध्या ब्लोबॅक पिस्तुलात बार होताना स्लाइडला धरून ठेवणारं कुलूप नसतं. तिचं वजन आणि स्प्रिंगचा ताण एवढ्यावरच सगळा दाब रोखलेला असतो. स्लाइड हलकी केली की स्प्रिंग कडक करावी लागते. त्यामुळे पिस्तूल चिमुकलं आणि स्लाइड मात्र दोन्ही हातांनी झोंबावं लागेल अशी, हे दृश्य नेहमीचं. बेरेटाच्या काही छोट्या मॉडेलांत नळी कळ दाबून मागून वर उचलली जाते आणि काडतूस थेट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या घरात, घालता येतं. अशक्त बोटांसाठी ही सोय खरी उपयोगाची. फक्त त्या पिस्तुलांत काडतुसाची पुंगळी म्हणजे केस बाहेर ओढणारा एक्स्ट्रॅक्टर नसतो, म्हणून काडतूस फुसकं निघालं तर नळी उचलून ते हाताने काढावं लागतं.

हातात जोर कमी असेल तर मधल्या आकाराचं, थोडं वजनदार पिस्तूल घ्या. ते वागवायला अवघड आणि चालवायला सोपं असतं. खिशातल्या पिस्तुलाचं गणित नेमकं उलटं, म्हणूनच मी ते नवशिक्याच्या हातात द्यायला नाखूश असतो.

नेम किती लांबवर लागतो?

यंत्रात बांधून झाडलं तर वाटतं त्यापेक्षा चांगला. माणसाच्या हातात मात्र ५ ते ७ मीटरच्या पुढे बहुतेकांच्या गोळ्या पांगतात. पुढच्या आणि मागच्या साइटमधलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर जेमतेम बोटभर, त्यामुळे हात केसभर हलला तरी चूक मोठी होते. काही पिस्तुलांना, उदाहरणार्थ सीकॅम्पच्या पॉइंट ३२ ला, साइटच नसतात. त्यावर चाप लांब आणि जड. पिस्तुलाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर बोटाने लावायचा आणि पिस्तूल हलू द्यायचं नाही, हे सरावाशिवाय जमत नाही.

कोणतं काडतूस बरं?

नळीच्या तोंडाशी मिळणारी ऊर्जा ढोबळमानाने अशी: पॉइंट २५ ची ९० जूल, पॉइंट ३२ ची १७०, पॉइंट ३८० ची २६० च्या आसपास. तुलनेसाठी, नेहमीच्या ९ एमएमची ४८० च्या घरात. अगदी आखूड नळीत हे सगळे आकडे खाली येतात. पॉइंट २२ तर जेमतेम ३ सेंटिमीटरच्या नळीतून झाडली की रायफलमधल्या ऊर्जेच्या निम्मीही उरत नाही.

पॉइंट २२ स्वस्त, आवाजाला आणि धक्क्याला सौम्य. पण ती रिमफायर आहे. पेट घेणारा मसाला काडतुसाच्या कडेत फिरवून भरलेला असतो, आणि कडेच्या एखाद्या भागात तो नीट पोचला नसेल तर घोडा, म्हणजे मागची हातोडी, आपटूनही बार होत नाही. पॉइंट २५ जन्माला आलं तेच या कारणाने: जोर साधारण तेवढाच, पण पेट घेणारी टोपी काडतुसाच्या बुडाच्या मधोमध, म्हणून भरवशाचं. माझ्या मते आज घ्यायचंच असेल तर पॉइंट ३२ हा धक्का आणि भरवसा यांतला सगळ्यात समंजस मध्य आहे. माझ्या ओळखीचे काही अनुभवी लोक पॉइंट ३८० च्या खाली यायला तयार नसतात, आणि ते महिन्यातून दोनदा रेंजवर येतात.

'टक्' आवाज आला आणि बार झाला नाही, तर?

रेंजवर असाल तर नळी निशाणाकडेच धरून ३० सेकंद थांबा. काडतूस कधी कधी उशिराने पेटतं. आणि बार झाला पण नेहमीपेक्षा फुसका वाटला तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. आधीची नळीत अडकलेली असू शकते. रिकामं करून नळीतून आरपार पाहा, मगच पुढे.

रिव्हॉल्व्हर घ्यावी की पिस्तूल?

पिस्तूल चपटं असतं, खिशात कमी दिसतं, भरायला सोपं. पण ते अडकतं, आणि जितकं लहान तितकं नखरेल. स्लाइडला मागे जायला फ्रेम घट्ट धरलेली लागते. मनगट ढिलं राहिलं की सगळं पिस्तूलच स्लाइडबरोबर मागे जातं आणि केस अर्धवट बाहेर येऊन अडकते. लहान, हलक्या पिस्तुलात हे फार सहज घडतं. पॉइंट ३२ च्या काडतुसाला जराशी कड असते. मॅगझिनमध्ये एकाची कड दुसऱ्यामागे गेली की ते असं रुततं की बोटाने सुटत नाही.

इवल्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही भानगड नाही. नॉर्थ अमेरिकन आर्म्सची सगळ्यात लहान पॉइंट २२ लाँग रायफलची रिव्हॉल्व्हर १३० ग्रॅमसुद्धा भरत नाही. पण प्रत्येक बाराला अंगठ्याने घोडा चढवावा लागतो, चापाला संरक्षक कडं नाही, आणि पुन्हा भरायला मधला दांडा काढून गोळ्यांचं फिरतं सिलिंडरच बाहेर घ्यावं लागतं. अंगठ्याच्या पेराएवढं ते सिलिंडर, शांतपणे बसूनही एकदा तरी बोटांतून निसटतं. घाबरलेल्या हातांकडून ते होणार नाही. म्हणजे पाच गोळ्या, संपल्या की संपल्या.

दोन हातांनी धरलं तर दुसरा हात कुठं?

पहिल्या हाताच्या बोटांवर, चापाच्या कड्याखाली. त्याच्या पुढे एकही बोट जाता कामा नये. मोठ्या पिस्तुलावर शिकलेली माणसं सवयीने डाव्या हाताचं बोट पुढे सरकवतात, आणि इथे पुढे नळीच संपलेली असते. मी शिकवताना आधी रिकाम्या पिस्तुलावर त्यांची बोटं मोजून दाखवतो: इथपर्यंत तुमचा हात, इथून पुढे गोळी.

नुसतं खिशात टाकलं तर चालतं का?

चालत नाही. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. चाप पूर्ण झाकणाऱ्या होल्स्टरशिवाय, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानाशिवाय, भरलेलं पिस्तूल खिशात जाऊच नये. किल्ली, पेन, नाणं, रुमालाची गाठ, जाकिटाच्या दोरीचा मणी, यांतलं काहीही चापाच्या कड्यात शिरू शकतं. आणि खिशातल्या पिस्तुलाची नळी मांडीकडे, मांडीतल्या मोठ्या रक्तवाहिनीकडे असते.

खिशासाठीचं होल्स्टर वेगळं मिळतं. बाहेरून खरखरीत, म्हणजे पिस्तूल काढताना ते खिशातच राहतं. तो खिसा फक्त पिस्तुलाचा. त्यात दुसरं काहीही नाही, अगदी तिकीटसुद्धा नाही. परत ठेवताना होल्स्टर बाहेर काढा, नळी स्वतःपासून दूर ठेवून पिस्तूल त्यात बसवा, आणि मग दोन्ही मिळून खिशात. खिशातल्या होल्स्टरमध्ये चाचपडत पिस्तूल घुसवताना पायात गोळ्या लागल्या आहेत.

आणि कचरा. एकदा एका गृहस्थांचं पिस्तूल दुसऱ्याच गोळीला अडकलं म्हणून मी उघडलं. नळीच्या तोंडाशी कापडाच्या तंतूंची करड्या रंगाची गुंडाळी होती, स्प्रिंगवर तेलात भिजलेला लगदा, आणि चेंबरमधलं काडतूस घामाने हिरवट झालेलं. आठ महिने ते रोज खिशात होतं, आणि त्या आठ महिन्यांत एकदाही उघडलेलं नव्हतं. आठवड्यातून एकदा रिकामं करून पुसायचं, तेल नावापुरतं लावायचं, खिशात वागवलेली काडतुसं काही महिन्यांनी रेंजवर झाडून नवी भरायची.

पर्स किंवा पिशवीत?

पिशवी आपण खुर्चीला अडकवतो, दुसऱ्याला धरायला देतो, मुलं तीत खाऊ शोधतात. मी नको म्हणतो.

खाली पडलं तर बार होईल का?

बनावटीवर आहे. आधुनिक चांगल्या पिस्तुलात चाप पूर्ण ओढल्याशिवाय फायरिंग पिन, म्हणजे काडतुसावर आपटणारी सुई, पुढे जाणार नाही अशी अडसर असते किंवा पिन तशी हलकी आणि स्प्रिंगवर बसवलेली असते. जुन्या डेरिंजर आणि रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा थेट पिनवर टेकलेला असतो. तो जमिनीवर आपटला की बार झालाच. म्हणूनच जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याखालचं काडतुसाचं घर रिकामं ठेवायची रीत होती. वर सांगितलेल्या इवल्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडरवर दोन घरांच्या मध्ये खाचा असतात, घोडा त्या खाचेत उतरवून ठेवायचा.

नव्यातही चूक होते. रुगरने २००८ मध्ये आपलं एलसीपी हे छोटं पिस्तूल बाजारात आणलं आणि त्याच वर्षी सुरुवातीची पिस्तुलं परत मागवली, कारण चेंबरमध्ये काडतूस असताना पडलं तर बार होण्याची शक्यता आढळली होती. जुनं विकत घेताना अनुक्रमांक उत्पादकाकडे तपासून घ्या. आणि पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका. पडू द्या. झेलणारं बोट बहुधा चापावरच पडतं.

चेंबरमध्ये काडतूस ठेवावं का?

सवय होईपर्यंत, होल्स्टर योग्य नसेल तर, किंवा पिस्तूल पडण्यापासून सुरक्षित असल्याची खात्री नसेल तर ठेवू नये. बाकीच्यांना मी एवढंच विचारतो: तुम्ही वर्षभरात किती वेळा हे काढून पुन्हा ठेवण्याचा सराव केलाय? उत्तर बोटांवर मोजता येत असेल तर चेंबर रिकामाच बरा.

मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं ना?

नाही, नाही आणि नाही. मॅगझिन खालून निघतं, चेंबर वर असतो. चेंबरमधलं काडतूस तिथेच राहतं. क्रम असा: नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड पूर्ण मागे ओढा, आतलं काडतूस बाहेर उडू द्या. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा, आणि करंगळीचं टोक घालून चाचपा. लहान पिस्तुलाचं चेंबर इतकं अरुंद आणि काळं असतं की मंद उजेडात डोळे फसतात. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि मग मॅगझिन काढलं, तर पहिलं काडतूस बाहेर जाऊन दुसरं आत बसलेलं असतं, आणि हातात मात्र रिकामं केल्याचं समाधान.

जगातलं सगळ्यात लहान कोणतं?

ऑस्ट्रियातल्या फ्रांझ फान्ल या घड्याळजीचं कोलिब्री १९१४ मध्ये आलं. त्याची गोळी ०.२ ग्रॅमची आणि ऊर्जा जेमतेम ४ जूल. आजचा विक्रम स्विस मिनी गनच्या रिव्हॉल्व्हरकडे आहे: लांबी ५.५ सेंटिमीटर, वजन १९.८ ग्रॅम. दोन्ही कारागिरीचे नमुने आहेत, संरक्षणाशी त्यांचा संबंध नाही. तरीही ती खरी शस्त्रं आहेत, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवायचं खेळणं नव्हे.

आजोबांची जुनी डेरिंजर आहे. चालवून पाहू?

नको. रेमिंग्टनच्या दुनळीचं बिजागर तडकणं हा तिचा प्रसिद्ध दोष आहे, आणि तो वरून दिसतोच असं नाही. कागदपत्रं नियमात आहेत ना ते पाहा, जाणकाराकडून निष्क्रिय करून घ्या आणि आठवण म्हणून जपा.

सराव किती आणि कसा?

रेंजवर महिन्यातून एकदा तरी, आणि तेही वागवता त्याच काडतुसांवर. नवीन पिस्तुलातून दोनशे गोळ्या विनाअडथळा गेल्याशिवाय मी त्यावर विश्वास टाकत नाही. घरी कोरडा, म्हणजे गोळी न झाडता, सराव करायचा तर काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि चेंबरमध्ये नकली काडतूस. रिमफायर पिस्तुलात रिकामा घोडा सोडू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटून ती चेपते. कानाला संरक्षण हवंच. आवाजाचा झटका १४० डेसिबलच्या वर गेला की एका बारानेही कायमची इजा होऊ शकते, आणि आखूड नळीमुळे स्फोट चेहऱ्याच्या जवळ होतो. नंतर हात साबणाने धुवा, शिसं असतं.

कायदा काय म्हणतो?

देशोदेशी वेगळं, आणि लहान शस्त्रांवर बहुतेक ठिकाणी जास्त कडक, कारण ती लपतात. कॅनडात १०५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड नळीची, तसंच पॉइंट २५ आणि पॉइंट ३२ ची हँडगन निषिद्ध गटात मोडते. अमेरिकेने १९६८ च्या कायद्याने फार लहान पिस्तुलांची आयात रोखली, तेव्हा वाल्थर कंपनीला आपल्या पीपीके या पिस्तुलाची मूठ वाढवून पीपीके/एस हे मॉडेल काढावं लागलं. शस्त्र ठेवण्याचा परवाना आणि ते अंगावर वागवण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. दुकानदाराच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, परवाना देणाऱ्या कार्यालयातून खात्री करा.

घरात लहान मुलं आहेत. उंच कपाटात ठेवलं तर पुरे ना?

मुलं खुर्ची ओढतात. कुलूपबंद तिजोरी, तीत रिकामं पिस्तूल, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी. लहान पिस्तूल मुलाच्या हातात अगदी त्याच्या मापाचं बसतं आणि खेळण्यासारखं दिसतं. चाप जड आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एका बोटाने जमत नाही म्हटल्यावर मूल दोन्ही अंगठे चापावर घालतं, आणि तसं धरलं की नळीचं तोंड त्याच्याच चेहऱ्याकडे येतं.

घरात कुणाची मनःस्थिती ठीक नसेल तर?

मग ते शस्त्र घरात नको. घरात बंदूक असली की आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तो टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुढचं सगळं ठरतं. तुमच्याकडच्या कायद्यात बसेल त्याप्रमाणे पोलिसांकडे किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. ते लगेच होत नसेल तर निदान काडतुसं घराबाहेर काढा आणि किल्ली घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे द्या. त्या व्यक्तीशी बोला, डॉक्टरांकडे सोबत जा. भिंतीवरची मोठी बंदूक लोक आठवणीने हलवतात, पण जुन्या कोटाच्या खिशातलं किंवा खणाच्या मागच्या कोपऱ्यातलं हे छोटंसं राहून जातं. आधी ते शोधा.